मोटार का जळते आणि तिला जपणारी पेटी

(सामुदायिक रेडिओवरून झालेले भाषण)

 

आज आम्ही मोटारीबद्दल बोलणार आहोत. मोटार म्हणजे रस्त्यावरची गाडी नव्हे. पिठाची गिरणी, मिरची कांडप, शेवयांचं मशीन, विहिरीवरचा पंप यांना फिरवणारी विजेची मोटार. गटाने कर्ज काढून मशीन घेतलं की त्या कर्जाचा हप्ता खरं तर ही मोटारच फेडत असते. ती बंद पडली तरी हप्ता थांबत नाही.

आपला जिल्हा मिरचीचा. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडते, तेव्हा वाऱ्यावरसुद्धा ठसका लागतो. साहजिकच मिरची कांडप हा अनेक गटांचा पहिला धंदा होतो. आणि ऐन हंगामात, पोती रांगेत लागलेली असताना मोटार जळते. मग गावात एकच वाक्य ऐकू येतं: "बायकांना मशीन चालवता येत नाही." हे वाक्य किती खरं आहे, ते आज तपासू या.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात आमच्या गटाकडे दोन एचपीचं सिंगल फेज कांडप होतं. एका हंगामात त्याची मोटार दोनदा जळाली. रिवाइंडिंग करणारा दोन्ही वेळा म्हणाला, "बाईने मिरची जास्त टाकली." मशीन चालवणारी ताई इतकी खचली, की काम सोडते म्हणाली. तेव्हा आम्ही गटातून एक साधा मीटर विकत आणला, व्होल्ट दाखवणारा. वायरमन भाऊंनी तो मशीनच्या बोर्डावर बसवून दिला. आठ दिवस त्या ताईने सकाळ, दुपार, संध्याकाळ आकडा पाहून वहीत लिहिला. सकाळी आकडा ठीक असायचा. संध्याकाळी गावातले पंप आणि घरची लाईट एकदम सुरू झाली की तो १६५ पर्यंत उतरायचा. कांडपाला गर्दी नेमकी संध्याकाळी. मोटार जळत होती ती संध्याकाळीच. म्हणजे दोष ताईच्या हातात नव्हता, विजेत होता. आणि तो दोष मोजता आला म्हणून सिद्ध झाला.

कमी दाबाने मोटार का जळते, ते समजून घेऊ. घरातल्या सिंगल फेज विजेचा दाब २३० व्होल्ट धरलेला असतो. नियमाप्रमाणे तो सहा टक्के कमी-जास्त चालतो, म्हणजे साधारण २१६ ते २४४. दाब कमी झाला की मोटारीची ओढण्याची ताकद नुसती तेवढीच कमी होत नाही, दुप्पट वेगाने पडते. दाब ७० टक्के उरला, तर ताकद ७० टक्के उरत नाही, निम्मी होते. १६५ व्होल्ट म्हणजे जवळजवळ तेच. आता पट्टा ताणलेला आहे, मशीनमध्ये मिरची भरलेली आहे आणि मोटारीत निम्मीच ताकद आहे. ती "हुंऽऽ" करते, पण उचलत नाही. अडलेली मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, मग पाच-सहा पट करंटने काय होत असेल ते तुम्हीच बघा. आतल्या तांब्याच्या तारेवर वार्निशचा पातळ थर असतो. तो जळतो, तारा एकमेकींना चिकटतात आणि मोटार संपते.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. मोटार हुंकारली आणि फिरली नाही, तर लगेच बटण बंद करा. पट्टा हाताने ओढून "चाल गं बाई" करायला जाऊ नका. मोटारही जाते आणि बोटंही जातात.

आता थ्री फेज म्हणजे काय? जातं आठवा, आपल्याकडचं घरोटं. एकटी बाई खुंटा धरून दळते, तेव्हा अर्धा फेरा जोर लागतो, अर्धा फेरा हात नुसता परत येतो. समजा, तीन जणी भोवती बसल्या. एकीचा जोर संपतो तिथे दुसरीचा सुरू होतो, मग तिसरीचा. जातं अडत नाही, झटके देत नाही. थ्री फेज मोटारीत विजेच्या तीन तारा अशाच पाळीपाळीने जोर लावतात. सिंगल फेज मोटारीत एकटीच असते. तिला पहिला फेरा सुरू करून द्यायला कपॅसिटर नावाचा डबा लागतो.

तिघींपैकी एक जण मध्येच उठून गेली तर? उरलेल्या दोघी तेवढंच दळण ओढत राहतात आणि थकून कोसळतात. डीपीवरचा एक फ्यूज गेला की थ्री फेज मोटारीचं हेच होतं. ती फिरत असते, म्हणून कुणाला कळत नाही. आवाज जड होतो, अंग तापतं आणि थोड्या वेळात ती जळते. याला आपले वायरमन भाऊ "फेज गेली" म्हणतात.

मग यावर उपाय काय? इथे आजच्या विषयाची पेटी येते. दुकानात तिला ड्राइव्ह म्हणतात, कुणी व्हीएफडी म्हणतं. सोलर पंपाच्या खांबावर जी पेटी असते, तिला कंट्रोलर म्हणतात. नावं वेगळी, पण आतलं काम जवळजवळ एकच: आलेली वीज मोटारीला जशी पाहिजे तशी करून देणं.

ही पेटी तीन पायऱ्यांत काम करते. आपल्या तारेतली वीज एका सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. पहिल्या पायरीत पेटी तिला सरळ करते, एकाच दिशेने वाहायला लावते. दुसऱ्या पायरीत ती वीज कपॅसिटरमध्ये साठते. नाल्याचं उसळतं पाणी हौदात येऊन शांत होतं, तसं समजा. तिसऱ्या पायरीत सहा छोट्या झडपा असतात. त्या एका सेकंदात हजारो वेळा उघडतात आणि मिटतात. नळ पूर्ण उघडायचा, पूर्ण बंद करायचा, परत उघडायचा. उघडा किती वेळ ठेवला, त्यावर हंड्यात किती पाणी पडलं ते ठरतं. अशा उघडझापीतून हौदातल्या विजेपासून तीन फेज नव्याने तयार होतात.

यातली आज सगळ्यात जास्त वापरली जाणारी झडप म्हणजे आयजीबीटी. ती १९८० च्या सुमारास अमेरिकेत घडवणारे शास्त्रज्ञ आहेत बी. जयंत बालिगा. ते चेन्नईत जन्मले आणि तिथल्याच आयआयटीत शिकले. २०२४ साली त्यांना फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला. रेल्वेच्या नव्या विजेच्या इंजिनांतही हीच झडप काम करते. तिथे ती मोठी असते, आपल्या कांडपाच्या पेटीत छोटी, एवढाच फरक.

तीन फेज पेटीतच तयार होतात, यातून आपल्या दोन मोठ्या अडचणी सुटतात.

पहिली अडचण पाड्यांवरची. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात ज्या पाड्यावर सिंगल फेजच पोहोचली आहे, तिथे थ्री फेज मोटार कशी चालवायची? सिंगल फेज आत घेऊन थ्री फेज बाहेर देणारे छोटे ड्राइव्ह मिळतात. एक ते तीन एचपीच्या मोटारीला ते पुरतात. पण एक गोष्ट नीट ऐका. अशी पेटी २३० व्होल्टचेच तीन फेज देते. म्हणून मोटारही त्या दाबावर जोडता येणारी हवी. आपल्या बाजारातल्या तीन एचपीपर्यंतच्या बऱ्याच थ्री फेज मोटारी स्टारमध्ये जोडलेल्या येतात आणि वरच्या दाबावर चालतात. त्यांचीच जोडणी बदलून डेल्टा केली, की त्या या पेटीवर चालतात. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यायचं. आणि आपली जुनी कपॅसिटरवाली सिंगल फेज मोटार या पेटीला जोडायची नाही. ती त्यासाठी बनलेलीच नाही. दुकानदार "चालेल हो ताई" म्हणाला, तरी नाही.

दुसरी अडचण सुरू होतानाच्या झटक्याची. पाच एचपीची थ्री फेज मोटार चालू असताना साधारण सात-साडेसात अँपिअर ओढते. थेट बटण दाबून सुरू केली, तर पहिल्या क्षणी ४० ते ४५. त्याच क्षणी शेजारच्या घरातला बल्ब मिचकावतो. ड्राइव्ह मोटारीला हळूहळू वेग देतो, बैलगाडी हाकताना बैल आधी चालीने निघतात तसा. झटका बसत नाही, पट्टा घसरत नाही.

वेग कमी करताना पेटी आणखी एक शहाणपण करते. सेकंदाला ५० च्या जागी २५ फेरे केले, तर दाबही निम्मा करते. तसं केलं नाही तर मोटारीच्या लोखंडावर जास्त भार येऊन ती तापते. फेरे आणि दाब यांचं प्रमाण राखायचं, ही मोटार सांभाळण्याची सगळ्यात साधी पद्धत. गिरणी, कांडप, पंप यांना ती पुरते. रेल्वेचं इंजिन, लिफ्ट यांना क्षणोक्षणी नेमका जोर लागतो. तिथे पेटी मोटारीचा करंट सतत मोजून हिशेब करत राहते. त्याला व्हेक्टर कंट्रोल म्हणतात. दुकानदाराने तो शब्द टाकून जास्त पैसे मागितले, तर विचारा, "आमच्या कांडपाला त्याची गरज काय?"

आता सोलर पंप. राज्य शासनाची मागेल त्याला सौर कृषिपंप योजना २०२४ पासून चालू आहे. शेतकऱ्याने दहा टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच एचपी, त्याहून जास्त जमिनीला साडेसात एचपीचा पंप. पाच वर्षं दुरुस्तीची हमी आहे, ती लक्षात ठेवा. पैसे देऊन बाहेरून दुरुस्ती करण्याआधी हमीचा कागद काढा.

बऱ्याच ताया विचारतात, "सकाळी आठला पंप फिरतो, आवाज येतो, पण पाणी येत नाही. बिघडला का?" बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. सकाळी किंवा ढगात ऊन कमी असतं. कंट्रोलर आहे तेवढ्या उन्हात पंप हळू फिरवतो, बंद पडू देत नाही. पण पंपाचा वेग निम्मा झाला, तर पाणी चढवण्याची उंची निम्मी होत नाही, पाव होते. पूर्ण वेगात ६० मीटरवर पाणी चढवणारा पंप निम्म्या वेगात १५ मीटरच चढवतो. पाणी पाइपात अर्ध्यावर येऊन थांबतं. ऊन वर आलं की आपोआप पडायला लागतं. मात्र दुपारच्या लख्ख उन्हातही पाणी आलं नाही, तर आधी काचा धुवा, धूळ आणि पक्ष्यांची घाण काढा. झाडाची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी फरक पडतो. मग कंट्रोलरच्या पडद्यावर काय लिहून आलंय ते पाहा. विहिरीतलं पाणी खाली गेलं असेल, तर पेटी पंप स्वतःच थांबवते, कारण कोरडा फिरला तर तो जळेल.

पंपाचा वेग थोडा कमी केला तर विजेची मोठी बचत होते. ८० टक्के वेगात पंप जवळजवळ निम्मीच वीज घेतो. पण हा हिशेब कांडपाला लावू नका. मिरची कुटायला जोर तेवढाच लागतो. शिवाय मोटारीचा पंखा तिच्याच दांड्यावर असतो. मोटार फार हळू चालवली, तर पंख्याचा वारा कमी होतो आणि ती तापते. भरलेलं मशीन खूप वेळ ३० च्या खाली चालवू नका. आणि लवकर काम व्हावं म्हणून ५० च्या वर तर मुळीच नेऊ नका. आतले हातोडे तेवढ्या वेगासाठी बनलेले नसतात.

आता सगळ्यांनी उठून ड्राइव्ह घ्यायचा का? नाही. तुमच्या गावात थ्री फेज चांगली आहे, मशीन कायम एकाच वेगात चालतं, तर चांगला स्टार्टर पुरतो. त्यात दोन गोष्टी हव्यात. करंट वाढला की बंद करणारा ओव्हरलोड रिले आणि फेज गेली की बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल, तर सुरुवातीचा करंट तिसरा हिस्सा होतो, पण सुरुवातीचा जोरही तिसराच हिस्सा होतो. म्हणून मशीन रिकामं सुरू करायचं, वेग धरल्यावर मिरची टाकायची. जिथे सिंगल फेजच आहे, मशीन सारखं चालू-बंद करावं लागतं किंवा वेग बदलावा लागतो, तिथे ड्राइव्हचा विचार करा.

आणि पेटी काय करत नाही, तेही ऐका. ती वीज तयार करत नाही. दाब फार पडला तर ती मोटार बंद करते. मोटार वाचते, पण काम थांबतंच. मीटरवर मंजूर भार कमी असेल, तर तोही पेटीने वाढत नाही. आमच्या त्या गटाने आधी कांडपाची वेळ सकाळची केली, खांबापासूनची वायर जाड घेतली, व्होल्टच्या वहीची नक्कल जोडून लेखी अर्ज दिला. त्यानंतर थ्री फेज मोटार आणि ड्राइव्ह घेतला. हा क्रम महत्त्वाचा. विजेच्या तक्रारीसाठी १९१२ हा नंबर आहे. फोन केला की तक्रार क्रमांक लिहून घ्या.

खरेदीला जाल तेव्हा पाच प्रश्न विचारा. पेन घ्या, लिहून ठेवा.

पहिला. पेटीत किती फेज आत जातात, बाहेर किती व्होल्ट येतात आणि ते आमच्या मोटारीच्या पट्टीशी जुळतं का?

दुसरा. पेटी किती अँपिअरची आहे? नुसत्या एचपीवर घेऊ नका. पेटीचे अँपिअर मोटारीपेक्षा कमी नकोत आणि कांडपासारख्या जड कामाला थोडे जास्तच हवेत.

तिसरा. मोटारीच्या पट्टीवरचे अँपिअर पेटीत कोण भरून देणार? हे सेटिंग आमच्यासमोर करा. ते केलं नाही, तर पेटी असूनही मोटार जळू शकते.

चौथा. लाईट जाऊन परत आली तर मशीन आपोआप सुरू होणार का? कांडपाला, गिरणीला हे नकोच. लाईट गेल्यावर बाई आत हात घालून अडकलेली मिरची काढत असते. तेवढ्यात लाईट आली तर? हे सेटिंग बंद करून घ्या. सफाईच्या वेळी मेन स्विच खाली ओढा.

पाचवा. पक्कं बिल, हमीचा कागद आणि जवळपास दुरुस्ती करणारा माणूस मिळेल का?

पीएम एफएमई योजनेत अन्न प्रक्रिया उद्योगाला पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान आहे. त्यासाठी कोटेशन घेता, तेव्हा मशीनसोबत स्टार्टर किंवा ड्राइव्ह, जाड वायर आणि अर्थिंगही त्यात लिहून घ्या. मशीन घेतलं आणि संरक्षणाला पैसे उरले नाहीत, असं होऊ नये.

घरी आल्यावरची काळजी. पेटी मिरचीच्या भुकटीपासून दूर, शक्यतो शेजारच्या खोलीत, हवेशीर भिंतीवर लावा. वायरची भोकं बुजवा. पाल आत शिरली की पेटी जळते. ओल्या फडक्याने पुसू नका. लाईट बंद केली तरी आतल्या हौदात वीज साठलेली असते. झाकण वायरमननेच उघडायचं, तेही किमान दहा मिनिटं थांबून. पट्ट्यावर जाळी हवी. पदर खोचलेला, केस बांधलेले.

आणि एक वही. पेटी बंद पडली की पडद्यावर काही अक्षरं दिसतात. प्रत्येक कंपनीची वेगळी असतात. कुठलं अक्षर आलं, किती वाजता आलं, त्या वेळी मशीनमध्ये किती माल होता, व्होल्ट किती होते, हे लिहा. दुरुस्ती करणारा आला की वही पुढे ठेवा. मग "बाईने जास्त मिरची टाकली" असं कुणी सहज म्हणत नाही.

या आठवड्याच्या बैठकीत एवढं करा. मोटारीच्या अंगावर पत्र्याची छोटी पट्टी असते. तिच्यावरची धूळ पुसा. एचपी, व्होल्ट, अँपिअर, फेरे आणि जोडणी स्टार की डेल्टा, हे गटाच्या रजिस्टरमध्ये उतरवा. शाळेत जाणाऱ्या मुलीला वाचायला बसवा. दहावी झालेली लेक असेल, तर आयटीआयच्या दोन वर्षांच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडची चौकशी करा. उद्या गावाचा वायरमन भाऊ न येता वायरमन ताई आली, तर आपली मशीनं जास्त दिवस चालतील.

तुमच्या मोटारीची पट्टी वाचताना काही अडलं, तर पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला रजिस्टर घेऊन या. आपण मिळून वाचू.